पाळीचा तक्ता: दोनशिक्षकी शाळेत संविधानाची मूल्यं शिकवताना

डी.एड.च्या परीक्षेसाठी मी दोन याद्या पाठ केल्या होत्या. एक दहा गाभाघटकांची, म्हणजे देशभरच्या अभ्यासक्रमात असायलाच हव्यात अशा घटकांची, १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेली. दुसरी आपल्या राज्याच्या मूल्यशिक्षणातल्या दहा मूल्यांची: नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता वगैरे. नोकरी लागली, बीड जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर रुजू झाले, आणि या याद्या मला रोज सकाळी परिपाठात भेटू लागल्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रस्तावना, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष. मुलं प्रस्तावना घडाघडा म्हणायची. ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणताना एकाचीही जीभ अडखळत नसे. परिपाठ संपला की मुलगे पाण्याच्या टाकीकडे पळत आणि मुली कोपऱ्यातला खराटा उचलत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण रोज तसंच होई.

प्राथमिक शाळेत नागरी मूल्यं शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावर धोरणाच्या पातळीवर गेल्या काही वर्षांत बराच विचार झाला आहे. आमच्याच जिल्ह्यात २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ उपक्रम जिल्हा परिषदेच्या शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्य शासनाबरोबर तो महाराष्ट्रभर गेला. संविधानातली न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्यं गोष्टीतून सांगण्याऐवजी जोडीतली चर्चा, गटकाम, सहयोगी खेळ यांतून मुलांनी अनुभवावीत, अशी त्याची मांडणी. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२३चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनीही मूल्यांचा वेगळा विषय करून तास वाटून दिलेले नाहीत. मूल्यं सगळ्या विषयांत आणि शाळेच्या रोजच्या वागण्यात यावीत असं तिथे म्हटलं आहे. राष्ट्रीय आराखडा दिशा देतो, राज्य त्यातून आपला अभ्यासक्रम करतं आणि शेवटचा बराचसा निर्णय शिक्षकावर सोडला जातो.

मला ही रचना मनापासून पटते. आपल्याकडे तिचं एक सुंदर उदाहरण आधीपासून आहे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्हावार काढते. बीडच्या मुलाच्या पुस्तकात बीड जिल्हा असतो, रत्नागिरीच्या मुलाच्या पुस्तकात रत्नागिरी. नदी, पीक, डोंगर यांच्या बाबतीत जिल्हा बदलला की पुस्तक बदलतं, मग माणसांनी एकमेकांशी कसं वागावं हे शिकवताना सगळीकडे एकच पाठ कसा पुरेल?

प्रशिक्षणात मात्र या मोकळेपणाचे दोन अर्थ निघाले. सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्यांनी, आम्हा शिक्षकांना सांगितलं, उपक्रमपुस्तिका आहे, पण तुमच्या वर्गाप्रमाणे बदला, क्रम बदला, तुमचे प्रसंग घ्या. लगेच हात वर झाले. तासिका कोणती? नोंद कुठे करायची? तपासणीला आल्यावर दाखवायचं काय? हे प्रश्न मला मुळीच क्षुल्लक वाटत नाहीत. ज्याला वर्षानुवर्षं प्रत्येक गोष्टीचा नमुना भरून द्यावा लागला आहे, तो शिक्षक ‘तुम्ही ठरवा’ म्हटल्यावर आधी घाबरणारच. दुपारनंतर गटात आराखडा करायचा होता. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सरांनी कागदावर स्वच्छता, वृक्षारोपण, पाणीबचत, थोरामोठ्यांचा आदर असे विषय भराभर लिहिले. जात, मुलगा-मुलगी भेद, मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं, यातलं काहीच त्यात नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “मॅडम, लवचीक आहे ना? मग गावात वाद होईल ते कशाला घ्यायचं? आपल्याला तिथं नोकरी करायची आहे.”

त्यांची काळजी खरी होती. एकट्या-दुकट्या शिक्षकाला गावात वाद परवडत नाही. तरीही त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे: मोकळीक पद्धतीत आहे, मूल्यांत नाही. समता कोणत्या खेळातून शिकवायची, जूनमध्ये की जानेवारीत, गोष्टीतून की खिचडीच्या रांगेतून, हे मी ठरवीन. समता घ्यायचीच की नाही, हे ठरवायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

सुरुवात वर्गनियमांपासून केली. माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग. नियम तुम्हीच करा म्हटल्यावर मुलांनी पाटीवर लिहून आणलं: गडबड करू नये. खोटे बोलू नये. मॅडम आल्यावर उभे राहावे. उशीर केल्यास अंगठे धरावे. मोठ्यांना काय ऐकायला आवडतं, हे आठ वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. मग मी प्रश्न बदलला. “शाळेत तुम्हाला कशाचा त्रास होतो?” जोडीत बोला आणि मग जोडीदाराचं म्हणणं तुम्ही सांगा, स्वतःचं नाही. या एका युक्तीनं फार फरक पडतो. स्वतःबद्दल न बोलणारं मूल दुसऱ्याची तक्रार मात्र पोटतिडकीनं मांडतं.

आता वेगळंच बाहेर आलं. टाकीवर मोठी पोरं आधी पितात आणि बारक्यांना घंटा होईपर्यंत पाणी मिळत नाही. एकीला सगळे तिच्या रंगावरून हाक मारतात. एकाचं आडनाव घेऊन हसतात. चौथीतल्यांनाच फळ्यावर लिहायला मिळतं. एका मुलीनं जोडीदाराच्या वतीनं सांगितलं, “मॅडम, तिला संडासला जायचं असलं तरी ती इचारत नाय, कारण सगळी पोरं बघत्यात.” या तक्रारींतून जे नियम निघाले ते त्यांचे स्वतःचे होते. हाक नावानंच मारायची. पाण्याला पहिली-दुसरी आधी. बाहेर जायचं असेल तर विचारायचं नाही, दाराजवळची लाल पट्टी उचलायची आणि जायचं. बोलणाऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं. आणि वर्ग चालू असताना फोन नाही.

शेवटचा नियम एका मुलानं सुचवला आणि तो बोलून झाल्यावर सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. वर्गात फोन फक्त माझ्याकडे असतो. शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. पण ऑनलाइन माहित्या, फोटो, ‘तातडीने’ लिहून आलेले तक्ते कोणत्या कलमात बसवायचे? ते दिवसभर येत राहतात. नियम सगळ्यांना सारखा असतो हे मी त्यांना शिकवायला निघाले होते, तेव्हा तो मलाही लागू झाला पाहिजे. मुख्याध्यापकांशी बोलले. फोन कार्यालयात राहू लागला, माहित्या मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर जाऊ लागल्या. वरून दोन-चारदा विचारणा झाली. सरांनी वर्गनियमांच्या तक्त्याचा फोटो पाठवून दिला. त्यावर पुढे कुणी काही म्हणालं नाही.

आता खराट्याकडे येते.

झाडणं मुलींचं आणि पाणी-घंटा मुलग्यांची, हे मोडायचं ठरवलं होतं. कामांची वाटणी सगळ्यांत करायची, हा अशा कोणत्याही अभ्यासक्रमातला साधा, सगळ्यांना मान्य होणारा उपक्रम. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, पाळीचा तक्ता केला, भिंतीवर लावला. मुलग्यांनी थोडी कुरकुर केली, मग अंगण झाडण्यात शर्यती सुरू झाल्या. मला वाटलं, विषय मार्गी लागला.

दोन-तीन दिवसांनी तिसरीतल्या एका मुलाची आजी आली. दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. “बाई, माझ्या सासऱ्यानं उभा जन्म गावचं झाडलं. माझ्या मालकानं नाय म्हणलं, तवा लई सोसलं आमी. लेकाला शिकवलं. आन आता तुमी साळंत माझ्या नातवाच्या हातात खराटा देता?”

तिला राग नव्हता. ती मला समजावून सांगत होती. वर्गातली मुलं लिहायचं थांबली होती, म्हणून मी तिला बाहेर लिंबाखाली घेऊन गेले आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. तिच्या घराला या कामाचा जो इतिहास होता, तो शाळेतल्या दुसऱ्या कोणत्याही घराला नव्हता. चिठ्ठीत सगळ्यांची नावं सारखी होती, पण चिठ्ठी उघडल्यावर तिच्या नातवाच्या वाट्याला जे आलं ते इतरांसारखं नव्हतं. संविधानाच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट झाली, तिचं कोणत्याही रूपातलं आचरण निषिद्ध झालं. ज्यांच्या आयुष्यात ते कलम भाकरीसारखं गरजेचं होतं, त्यातलीच ही बाई, आणि ती शाळेकडून त्याच कलमाचा हिशेब मागत होती.

कोणत्याही राष्ट्रीय आराखड्याला, कोणत्याही उपक्रमपुस्तिकेला हे आधी कळणं शक्य नाही. कळावं अशी अपेक्षाही नाही. अभ्यासक्रमानं मला जागा सोडली होती ती नेमकी इथे वापरायची होती. सोपा मार्ग एक होता: त्या मुलाला झाडण्याच्या पाळीतून वगळायचं. पण मग वर्ग विचारणार, त्याला का नाही? आणि त्याचं उत्तर त्याच्या जातीपाशी जाणार. म्हणजे आजीनं ज्यातून घर बाहेर काढलं, त्यातच मी मुलाला पुन्हा बसवणार.

आम्ही तक्ता उतरवला. दुसऱ्या दिवसापासून आमचे मुख्याध्यापक सर आणि मी झाडायला लागलो. सर ज्या घरातले आहेत, त्या घरातल्या पुरुषानं खराटा हातात घेतलेला गावानं पाहिलेला नव्हता. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. मुलांना काही सांगितलं नाही. आठवडाभरात मुलंच विचारू लागली, आमची पाळी का बंद केली? मग वर्गात बोलणं झालं. कुणाच्याही घराचं नाव न घेता मी एवढंच सांगितलं की आपल्या देशात काही लोकांना पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करायला लावलं, ते नको म्हणायची सोय त्यांना नव्हती, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याविरुद्ध जन्मभर लढा दिला. मुलांना यातलं पुष्कळ माहीत असतं. आपल्याला वाटतं त्याहून जास्त. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे काम वंगाळ नसतं, बळजबरी वंगाळ असती.” मी ते फळ्यावर लिहिलं. ‘माझी नोंद’ अशी कोरी पानं तेव्हा पाठ्यपुस्तकांत आली होती. बऱ्याच मुलांनी ते त्या पानावर उतरवून घेतलं.

नवा तक्ता मुलांनी केला. त्यात चिठ्ठ्या नव्हत्या. पहिली पाळी शिक्षकांची, मग चौथीतल्या मोठ्या मुलग्यांची, नंतर बाकीचे. काम निवडायचं ज्यानं त्यानं, पण महिन्यात प्रत्येक काम प्रत्येकाकडून एकदा व्हायला हवं, आणि एखाद्याला एखादं काम नको असेल तर कारण न विचारता बदली द्यायची. संडासची सफाई मुलांनी करायची नाही, हे मी ठरवलं. तिथे मुलांचं मत घेतलं नाही आणि घ्यायला हवं होतं असं मला वाटत नाही. आजी नंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आली. कायद्यानं समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. आमच्याकडे त्या कागदावर असत आणि बैठकीला त्यांचे नवरे सह्या करून जात. आजी सदस्य नव्हती, तरी मध्ये येऊन बसली आणि तक्ता नातवाकडून वाचून घेतला. सरपंचाच्या घरच्या पोराची पाळी कोणत्या दिवशी आहे, ते तिनं दोनदा विचारलं. नातवाच्या झाडण्याला तिनं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. मुलानं पुढच्या महिन्यात घंटा आणि फळा घेतला, खराटा बदलून घेतला. त्याच्या पुढच्या महिन्यात घेतला. का घेतला, ते मी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर आमच्या शाळेचं चित्र बदलतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथे कारखाना सांगेल तिथे. काही मुलं आजी-आजोबांकडे आणि हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर गावात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. जुलैमध्ये आम्ही शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक गुप्त मतदानानं घेतली होती, अर्ज, चिन्हं, प्रचार, शाई सगळं करून. निवडून आलेली मुख्यमंत्री ऑक्टोबरात बैलगाडीच्या मागे बसून गेली.

दरवर्षी अशा वेळी शिक्षक दुसऱ्याला नेमून टाकतात. मी तो प्रश्न मुलांसमोर ठेवला. दोन दिवस खल चालला. एक गट म्हणे, पद रिकामं ठेवू, ती येईल. दुसरा म्हणे, मग पाण्याचं कोण बघणार? एकानं मुद्दा काढला की ती काय हौसेनं गेलेली नाही, तिचं पद काढणं अन्याय आहे. शेवटी ठरलं: दर पदाला दोघं, एक गावात राहणारं आणि एक जाणारं. ती असेल तेव्हा ती, नसेल तेव्हा दुसरा. गुढीपाडव्यानंतर ती परतली, तेव्हा दुसऱ्यानं कुरकुर न करता वही तिच्या हातात दिली असं मी सांगणार नाही. चांगलं भांडण झालं. वर्गनियमांच्या तक्त्यापुढे उभं राहून झालं, एवढंच समाधान. तिनं आल्यावर सांगितलं की फडाजवळच्या शाळेत ती काही दिवस जाऊन बसली, पण तिला ‘कोयत्यावाल्यांची’ म्हणत, नावानं कुणी हाक मारली नाही. आमच्या वर्गाचा पहिला नियम तिथपर्यंत पोचत नाही. राज्यभरच्या शाळांत एकच मूल्य शिकवायचं म्हणजे काय, ते मला या मुलीच्या एका वाक्यातून कळलं. एका शाळेनं सोयीपुरतं काही गाळलं की त्याची किंमत दुसऱ्या शाळेतून आलेलं मूल मोजतं.

मूल्यमापनाबद्दल माझं मत ठाम आहे. प्रामाणिकपणाला, सहकार्याला गुण किंवा श्रेणी देऊ नये. दिली की मूल ती वागणूक आपल्याला दाखवायला लागतं. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात: ‘इतरांना मदत करतो’, ‘मिळून मिसळून वागते’. त्या वाक्यांत मुलगा कोणता ते ओळखू येत नाही. मी तारीख घालून प्रसंग लिहिते. अमुक दिवशी खिचडीच्या रांगेत पहिलीतल्या मुलाला पुढे घेतलं. अमुक दिवशी बहुमत विरुद्ध असताना आपलं म्हणणं सोडलं नाही. नव्या समग्र प्रगतिपत्रकात मुलानं स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी त्याच्याबद्दल सांगायची जागा आहे, ती मला फार मोलाची वाटते. ती सुटीच्या आदल्या दिवशी घाईनं भरली जाऊ नये. त्यासाठी वेळ लागतो आणि जोडवर्गाच्या शिक्षकाकडे तोच नसतो. अभ्यासक्रम लवचीक करणाऱ्यांनी शिक्षकाचा दिवसही मोकळा करायला हवा. नाहीतर निर्णयाचा अधिकार कागदावर मिळतो आणि निर्णय घ्यायला लागणारी दहा मिनिटं मिळत नाहीत.

गेल्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत मी पाळीच्या तक्त्याचा हा सगळा प्रवास आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, शिक्षकांपुढे मांडला. तेच ज्येष्ठ सर समोर होते. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “तुमचे मुख्याध्यापक खराटा हातात घेणारे निघाले म्हणून जमलं. माझ्याकडं मी एकटा, आणि गावात दोन गट. मी हे काढलं तर उद्या पट निम्मा होईल.” मी त्यांना जमेलच असं म्हणाले नाही, कारण त्यांचं गाव मला माहीत नाही. पण प्रश्न गाळू नका, वेगळ्या वाटेनं आत आणा, असं म्हणाले. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की पुढच्या महिन्यात एक दिवस मी त्यांच्या शाळेवर जायचं आणि एक दिवस त्यांनी आमच्याकडे यायचं. त्यांच्याकडे खिचडीच्या वेळी मुलं गावातल्या गल्ल्यांप्रमाणे बसतात, असं त्यांनी निघताना सांगितलं. तिथून सुरुवात करून बघू म्हणाले.